बाकीच्यांचा संघ

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते. पुढे थळ घाट लागतो. १८६५ साली खुल्या झालेल्या या घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका आहे, त्यामुळे गाडी वर चढवायला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. वर इगतपुरीला पोहोचल्यावर या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खालचे डीसीचे इंजिन काढून एसीचे जोडत असत. क्रिकेटची हद्दही याच घाटात बदलते. खालचा ठाणे जिल्हा मुंबई क्रिकेट संघटनेकडे आहे. वरची इगतपुरी नाशिक जिल्ह्यात येते, म्हणून महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे. मुंबई इथून रेल्वेने सुमारे १३५ किलोमीटर. महाराष्ट्र संघटनेच्या पुण्याला जायचे तर घोटी-सिन्नर-संगमनेर असा रस्ता धरायचा, किंवा रेल्वेने घाट उतरून कल्याणमार्गे जायचे. म्हणजे रेल्वेने गेल्यास आपल्या संघटनेच्या दारी पोहोचण्यासाठी इगतपुरीच्या मुलाने आधी दुसऱ्या संघटनेचा मुलूख ओलांडायचा.

हद्द कोणी आखली, कधी आखली, आणि आखताना कोण बाहेर राहिले, हे आपल्या क्रिकेटलेखनात फारसे कोणी विचारत नाही. संघ जणू पहिल्यापासून तसेच होते असे धरून आपण विजेतेपदे मोजतो. मराठीत खेळावर विपुल आणि अनेकदा सुंदर लिहिले गेले आहे, पण ते बहुतांशी शतकांचे, स्वभावचित्रांचे आणि मैदानांच्या आठवणींचे लेखन आहे. मैदानाबाहेरच्या सभेत ठराव कोणी मांडला, मत कोणाला होते, याकडे ते वळत नाही. या लेखाचा विषय ती सभा आहे.

अशी सभा अमेरिकेत नुकतीच भरली आणि तिचे परिणाम तिथले लोक उघड बोलत आहेत. तिथे महाविद्यालयीन फुटबॉल हा मोठा व्यवसाय आहे आणि विद्यापीठे प्रादेशिक गटांत खेळतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या गटाची परंपरा १९१५ पर्यंत मागे जाते. २०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या दोन बड्या विद्यापीठांनी दूरचित्रवाणीच्या पैशासाठी दुसऱ्या गटात जायचे ठरवले. पुढच्या वर्षी बाकीच्यांची पळापळ झाली. २०२४ चा हंगाम उजाडला तेव्हा बारांपैकी दोनच विद्यापीठे मागे उरली होती, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांतली, जिथे दूरचित्रवाणीचा प्रेक्षक कमी. स्टॅनफर्ड आणि बर्कली मात्र ‘अटलांटिक किनारा’ नावाच्या गटात गेली. दोन्ही विद्यापीठे पॅसिफिकच्या काठावर आहेत, पण नावाची फिकीर कोण करतो! मागे राहिलेले दोघे खेळात कमी होते म्हणून मागे राहिले, असे तिथे कोणीही म्हणत नाही.

आपल्याकडे मागे राहिलेल्यांचा एक अख्खा संघच होता आणि त्याचे नाव ‘द रेस्ट’. मुंबईतल्या स्पर्धेची वाटणी धर्मावर होती. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ मध्ये हिंदू आले आणि तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध, म्हणजे चार खणांत न बसणारे सगळे त्यात गेले. त्याला काय म्हणायचे, तर ‘बाकीचे’. त्या पहिल्या वर्षी हिंदूंनी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या जागांच्या वाटपावरून स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. जागांचे भांडण चार मोठ्यांत झाले. बाकीच्यांना भांडायला सुद्धा जागा नव्हती. इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत तेव्हा अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबे होती. या नकाशात त्यांचा संघ हाच.

सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती होते, म्हणून ते बाकीच्यांकडून खेळले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट यांचे नाबाद २५०. बाकीच्यांचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला, त्यात हजारेंचे ५९. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा राहिला. त्रिशतकी भागीदारीत त्याचा वाटा २१ धावांचा. सामना हिंदूंनी डावाने जिंकला. या डावाकडे पराक्रम म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. पण धावफलक वाचताना मला त्यात वाटणीचा हिशेबही दिसतो. उरलेल्यांना एकत्र बांधून केलेल्या संघात एक हजारे असू शकतो, अकरा नाहीत. पंचरंगी स्पर्धेत बाकीचे एकदाही जिंकले नाहीत.

खणाच्या आत असूनही बाहेर ठेवता येते, हे पळवणकर बाळू यांच्या बाबतीत झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज चर्मकार समाजातला होता. हिंदूंच्या संघात त्यांना चेंडू मिळाला, कप्तानपद मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या पुस्तकानंतर बाळूंचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. त्याआधीची कित्येक दशके मराठी क्रिकेटलेखनाने काय केले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला आणि धर्माच्या जागी प्रदेश आला. ही प्रगती होती यात शंका नाही. पण प्रदेश म्हणजे काय, हे सोपे नव्हते. ‘महाराष्ट्र’ नावाचा संघ महाराष्ट्र राज्याच्या पंचवीस वर्षे आधी जन्मला. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला आणि तेवढेच. नागपूरचे कर्नल सी. के. नायडू इंदूरला होळकरांच्या पदरी गेले, हजारे बडोद्याला. संस्थानांकडे पैसा होता आणि नोकऱ्या होत्या. होळकर संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा जिंकला. मग संस्थान गेले, संघही गेला, आणि त्याचे खेळाडू मध्य भारत, मध्य प्रदेश अशा नव्या चौकटींत विरघळले. त्या मातीत करंडक परत यायला २०२१-२२ उजाडले.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण मला सगळ्यात जास्त खटकते ते इथे. होळकर संस्थानी, तसे बडोदेही संस्थानी. बडोद्याचा संघ आजही आहे. राज्ये विलीन झाली म्हणून संघ विलीन झाले, हे उत्तर पुरत नाही; मग १९६० मध्ये एकच महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ कसे राहिले? गुजरातेतही तीन राहिले. ज्यांची माणसे नियामक मंडळाच्या सभेत बसत होती, त्यांचे संघ टिकले असे माझे मत आहे. बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड १९६३ ते १९६६ या काळात मंडळाचे अध्यक्ष होते. इंदूरच्या दरबाराने संघ पोसला, पण दरबार उठल्यावर त्याच्या मागे उभी राहील अशी तितकी मजबूत संघटना नव्हती. मैदानावरची दहा वर्षे सभेत मोजली जात नाहीत.

१९५७-५८ पासून विभागवार साखळी आली. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात, सौराष्ट्र. पुढे जाणार फक्त पहिला. विदर्भ मराठी मुलूख असूनही मध्य विभागात. पुढल्याच वर्षापासून मुंबईने सलग पंधरा वर्षे करंडक घेतला. हा पराक्रम खोटा नाही. मुंबई देशातला सर्वोत्तम संघ होता. पण त्याच विभागातल्या महाराष्ट्राचे काय झाले हे पाहा. १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत, हे आपण हळहळून सांगतो. समोरच्या संघाने सामना सोडून दिला आणि ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम नऊ धावांनी राहिला, हेही सांगतो. पण व्यवस्थेमुळे दरवर्षी अख्खा संघ डिसेंबर-जानेवारीतच घरी बसत होता, ते आपल्या हळहळीत येत नाही. १९७०-७१ मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला. समोर मुंबई. तिचे कसोटीवीर वेस्ट इंडीजला गेलेले, कप्तान सुधीर नाईक. मुंबई ४८ धावांनी जिंकली. आधीच्या तेरा वर्षांत हा सामना होऊच शकला नसता. मग आधीच्या तेरा वर्षांतला दुसरा क्रमांक नेमका कोणाचा होता, हे कोणत्या तक्त्यात पाहायचे?

२००२-०३ मध्ये विभाग मोडले आणि ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ असे वरचे-खालचे गट आले. तळ निदान उघड झाला आणि चढायला शिडीही मिळाली. राजस्थान २०१०-११ मध्ये खालच्या गटातून येऊन विजेता झाला. २०१३-१४ मध्ये ‘क’ गटातल्या महाराष्ट्राने गतविजेत्या मुंबईला वानखेडेवर उपान्त्यपूर्व फेरीत हरवले आणि अंतिम फेरी गाठली. केदार जाधवने त्या हंगामात बाराशेहून अधिक धावा केल्या. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये करंडक जिंकला. पहिल्या दोन वेळी प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. ज्या संघाला दशकानुदशके कोणी मोजले नाही तो रांगेत पुढे आला, तो शिडी असल्यामुळे. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. सलील अंकोला कधीकाळी उलट दिशेने गेले होते.

२०१६ मध्ये लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवले तेव्हा मुंबई आणि विदर्भ मत गमावणार होते. मोठी ओरड झाली. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि गुजरातेतल्या तिन्ही-तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व राखले. रेल्वे, सेनादल आणि विद्यापीठ संघालाही ते परत मिळाले. त्याच हंगामात ईशान्येच्या राज्यांसह नऊ नवे संघ आले आणि संघांची संख्या ३७ झाली. मुंबईचे मत राहावे की जावे यावर वृत्तपत्रांनी रकाने भरले. पण महाराष्ट्र संघटनेच्या एका मतात नाशिक, जळगाव, धुळे यांचा आवाज किती, हे त्या वादात आले नाही. संघटनांच्या आतली वाटणी हा सगळ्यात मोठा प्रश्न असताना चर्चा संघटनांमधल्या वाटणीची झाली.

विद्यापीठांचेही असेच. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ मुंबईपासून वेगळे झाले, १९५८ मध्ये मराठवाडा, १९६२ मध्ये शिवाजी, १९८३ मध्ये अमरावती. विद्यापीठ नवे झाले की आंतरविद्यापीठ स्पर्धांना आणखी एक संघ मिळतो, म्हणजे खेळात पंधरा-सोळा मुलांना जागा. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाले तेव्हा खानदेशातल्या मुलांना ती जागा मिळाली. नाशिक जिल्हा पुण्यातच राहिला. पुणे विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाचे चार विभाग आहेत आणि इगतपुरी, घोटीची महाविद्यालये नाशिक विभागात खेळतात. तिथून निवड झाली तर आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ. तीन चाळण्या, त्यातली शेवटची बहुधा पुण्याच्या मुलांना सरावाच्या मैदानापासून सायकलच्या अंतरावर. नवी विद्यापीठे निघणे हे तुकडे पाडणे आहे असे तेव्हा म्हटले गेले. खेळाच्या बाजूने पाहिले तर इगतपुरीला तुकडाही आला नाही.

तरीही या भागातून माणसे पुढे गेली आहेत. सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांतून पदके घेऊन आली. शेजारच्या सिन्नरची माया सोनवणे लेगस्पिनर म्हणून महाराष्ट्राकडून आणि पुढे २०२२ च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये खेळली. धावण्याच्या स्पर्धेत घड्याळ बोलते. क्रिकेटमध्ये निवड समिती बोलते आणि समितीला आधी तुमचे नाव कानावर पडावे लागते.

इगतपुरी रेल्वेचे गाव आहे आणि रेल्वेचा स्वतःचा संघ १९५८-५९ पासून रणजीत आहे. या संघाला जिल्हा नाही, हद्द नाही. विभागवार पद्धतीच्या अखेरच्या वर्षी, २००१-०२ मध्ये, त्याने करंडक जिंकला आणि २००४-०५ मध्ये पुन्हा. ज्याला प्रदेशाने ठेवून घेतले नाही त्याला रेल्वेने नोकरी देऊन ठेवून घेतले, असे किती तरी खेळाडू त्या संघातून गेले. मात्र रेल्वेच्या खेळाडू भरतीची जाहिरात वाचली तर पात्रतेच्या रकान्यात एक अट असते: राज्य किंवा विद्यापीठ संघातून राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र जोडावे.