अकबरी, असगरी आणि आपल्या लेकी

उर्दू कादंबरीचा इतिहास सांगताना डेप्युटी नज़ीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’चे नाव पहिल्यांदा घेतले जाते. ‘मिरातुल उरूस’ म्हणजे नववधूचा आरसा. १८६९ साली हे पुस्तक आले आणि इंग्रज सरकारने त्याला एक हजार रुपयांचे इनाम दिले. नज़ीर अहमद यांनी ते आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिले होते. मुलीने वाचावे असे ज्या काळात फार थोड्या बापांना वाटत होते, त्या काळात हे घडले. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु या आरशात दिसते काय? दिल्लीच्या दोन सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या. थोरली अकबरी हट्टी, फूहड, भांडखोर. धाकटी असगरी शहाणी, हिशेबी, सासर सावरणारी. तिला किताबच मिळतो ‘तमीज़दार बहू’. उर्दू घराघरांत आजही मुलीला अकबरी म्हटले की ती शिवी होते आणि असगरी म्हटले की शाबासकी. बाईच्या स्वभावाचे दोनच साचे, तिसरा नाहीच.

अकबरीचा मोठा गुन्हा कोणता, हे आम्ही पुन्हा तपासून पाहिले. तिला सासूपासून वेगळे घर हवे होते. घर मिळते, आणि तिथेच एक ‘हज्जन’ गोड बोलून तिचे दागिने लुबाडते. म्हणजे वेगळ्या चुलीची शिक्षा कथानकच तिला देते. वास्तविक हनफी फिकहमध्ये पत्नीला राहण्यासाठी स्वतंत्र जागा मिळणे हा तिचा हक्क मानलेला आहे. शरियत जे देते ते कादंबरी काढून घेते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : हा साचा दीनाने घडवलेला नाही, तो ‘शरीफ’ खानदानांच्या रिवाजाने घडवला आहे. आपल्याकडे या दोन्हींची नेहमी गल्लत होते आणि तिची किंमत मुली मोजतात.

आणखी एक बाब. या कादंबरीत फसवणारी हज्जन गल्लोगल्ली फिरणारी आहे. घरात चोरी करणारी मामा अज़मत बाजारहाट करणारी मोलकरीण आहे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारी आणि गरीब बाई म्हणजे लबाड, असा हिशेब. आमच्या सुरगाण्यासारख्या तालुक्यात हा हिशेब एक दिवससुद्धा टिकणार नाही. इथल्या कोकणा, वारली बाया हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. घर त्यांच्या चालण्यावर चालते. त्यांना कोणत्या आरशात बसवायचे?

असगरीवरही अन्याय होऊ नये. ती नवऱ्याला नोकरीची वाट दाखवते, चोरी उघडकीस आणते, घरात मुलींचा मकतब चालवते. घरातले पुरुष तिच्यापुढे फिके पडतात. पण एवढी अक्कल खर्च होते ती सासरची अब्रू राखण्यात. तिला स्वतःसाठी काय हवे होते, हे कादंबरी एकदाही विचारत नाही.

हा प्रश्न मराठीत फार लवकर विचारला गेला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि त्यात ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचा समाचार घेतला. मराठी कादंबरीची ही पहिल्या काही परखड समीक्षांपैकी एक, आणि ती एका बाईने केलेली. उर्दूत या साच्याला मोठा तडा गेला तो पुढे : १९३२ च्या ‘अंगारे’त डॉक्टर रशीद जहाँ यांनी लिहिले, त्या संग्रहावर १९३३ साली बंदी आली, नंतर इस्मत चुग़ताई यांनी ‘टेढ़ी लकीर’मध्ये अकबरीही नाही आणि असगरीही नाही अशी शमन उभी केली.

आता आपल्या मुस्लिम मराठी साहित्याकडे वळू. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून आपण सांगत आलो की, इतरांनी रंगवलेला मुसलमान आम्हाला मान्य नाही. हे रास्तच होते. पण आपल्या कथा-कादंबऱ्यांतली बाई पाहा. बहुतेक वेळा ती तलाकपीडित, बुरख्याआड रडणारी, नाहीतर सबुरीची मूर्ती असलेली अम्मी. नावे बदलली, साचे तेच राहिले. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) वाचताना जाणवते की खरी बाई या साच्यांत मावत नाही. ती हसते, चिडते, निर्णय घेते. आत्मकथनात जे आले, ते कादंबरीत का येऊ नये?

‘मिरातुल उरूस’ मुलींच्या हाती देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. जरूर द्यावी. मात्र धडा संपल्यावर नेहमीचा प्रश्न, “तुम्ही अकबरी होणार की असगरी?”, हा विचारू नये. अकबरीची बाजू मांडा, असे सांगावे. मुली लिहू लागतील. त्यांतलीच एखादी उद्या मराठीत ती कादंबरी लिहील, जिची आपण अजून वाट पाहत आहोत.