शीत संलयन: सिद्धांत अनेक, हिशेब एकच

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "कोल्ड फ्यूजनचे इतके सिद्धांत आहेत, त्यातला बरोबर कोणता?" आज जरा उलट्या बाजूने उत्तर देतो. सिद्धांत काय समजावतो, हे त्याचे समर्थक सांगतातच. तो उधारी कुठे ठेवतो, ते आपण बघूया.

२३ मार्च १९८९ रोजी यूटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जाहीर केलं की, जड पाण्यात पॅलॅडियमचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली तर रासायनिक क्रियेच्या हिशेबात न बसणारी उष्णता मिळते. म्हणजे ड्युटेरियमची केंद्रकं जुळत असणार. यात तीन अडचणी आहेत.

पहिली, दोन्ही केंद्रकं धनभारित, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात. पॅलॅडियममध्ये ती दाटीने बसतात म्हणावं, तर तिथलं त्यांचं अंतर ड्युटेरियम वायूच्या रेणूतल्या अंतरापेक्षा जास्तच असतं! दुसरी, संलयन झालंच तर जवळपास निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो. एक वॅट उष्णतेमागे सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन. शेजारी उभ्या माणसाच्या तासाभरात जिवावर बेतेल. तिसरी, हेलियम-४ तयार होतं म्हणावं, तर सुमारे २४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा किरण दिसायला हवा. तो दिसत नाही.

आपल्या ट्रॉम्बेलाही, भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९८९ मध्ये पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने प्रयोग झाले. तिथे ट्रिटियम मिळाल्याची नोंद झाली, पण त्या मानाने न्यूट्रॉन अत्यल्प. नेहमीच्या संलयनात दोन्ही साधारण सारखे यायला हवेत.

आता सिद्धांत. नोबेल विजेते ज्युलियन श्विंगर म्हणाले, ऊर्जा गॅमा किरणात न जाता धातूच्या स्फटिकाच्या कंपनांत जाते. कल्पना देखणी आहे. पण कंपनाचा एक पुंज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. म्हणजे एका घटनेची ऊर्जा कोट्यवधी तुकड्यांत वाटायची, आणि तीही केंद्रकाच्या घाईत. ती वाटणी कशी होते? हीच खरी उधारी.

२००६ मध्ये विडम आणि लार्सन यांनी संलयनच टाळलं. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळून न्यूट्रॉन बनतो, न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, मग अडथळाच उरत नाही. छान! पण त्यासाठी इलेक्ट्रॉनला ०.७८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट जादा लागतात. ते धातूच्या पृष्ठभागावर कुठून येणार? शिवाय न्यूट्रॉन शोषला गेला की गॅमा किरण येतातच. ते 'जड' झालेले इलेक्ट्रॉन गिळतात, असं उत्तर आहे. अंगावर अपुरं पांघरूण घेतलं की डोकं झाकताना पाय उघडे पडतात, तसं हे.

तरी या सिद्धांताचा एक गुण मान्य करायला हवा. इलेक्ट्रॉन गॅमा गिळत असतील, तर बाहेरून गॅमा सोडून ते तपासता येईल. जो सिद्धांत आपण कुठे पडू शकतो ते सांगतो, तो निदान प्रामाणिक.

काही जण म्हणतात, "अतिवाहकता १९११ ला सापडली, सिद्धांत १९५७ ला आला. थांबा की!" मुद्दा रास्त आहे. सिद्धांत नाही म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही. पण अतिवाहकता कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत हुकमी दाखवता येत होती. इथे गूगलच्या निधीतून झालेल्या, २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या कामातही परिणाम मिळाला नाही.

म्हणून त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं: बरोबर सिद्धांत निवडायची वेळच अजून आलेली नाही. आधी हुकमी प्रयोग हवा. तोवर नवा सिद्धांत समोर आला, की एवढंच विचारा: न्यूट्रॉन कुठे गेले, गॅमा कुठे गेला, आणि हे तपासायचं कसं?

आता तुमचे प्रश्न घेऊ.