वैद्यकीय परवाना परीक्षेचे सराव प्रश्न व तर्कातील सापळे : एक चिकित्सा

अमेरिकेतील यूएसएमएलई असो वा परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी २००२ पासून घेतली जाणारी एफएमजीई असो, दोन्हींच्या तयारीत बहुपर्यायी सराव प्रश्नसंचांना मोठे स्थान आहे. या प्रश्नांतील 'सापळ्यां'ची चर्चा विद्यार्थिवर्गात सतत होते. तथापि या एकाच शब्दाखाली विद्यार्थ्याच्या तर्कातील दोष आणि प्रश्नरचनेतील दोष अशा दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणून अपघातग्रस्त रुग्णाचा प्रश्न घेता येईल. रुग्णाला धाप लागली आहे, रक्तदाब घसरला आहे, मानेच्या शिरा फुगल्या आहेत व छातीच्या एका बाजूस श्वासध्वनी ऐकू येत नाही. विचारलेली असते पुढील तातडीची कृती. छातीत हवा कोंडली आहे हे अचूक ओळखणारा विद्यार्थीही 'एक्स-रे' हा पर्याय निवडतो, कारण तो 'खात्री कशी करावी' या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. येथे हवा तत्काळ बाहेर काढणे हेच योग्य. हा सापळा न्याय्य म्हटला पाहिजे. प्रत्यक्ष रुग्णाजवळ हीच चूक प्राणघातक ठरते.

संभाव्यतेच्या प्रश्नांत स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. हार्वर्डशी संबंधित रुग्णालयांतील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना विचारलेला प्रश्न १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग हजारात एकाला, निरोगी व्यक्तींत चाचणी चुकीने सकारात्मक येण्याचे प्रमाण ५ टक्के. तर सकारात्मक व्यक्तीस रोग असण्याची शक्यता किती? हजारांत खरा रुग्ण एक, खोटे सकारात्मक सुमारे पन्नास. म्हणजे उत्तर सुमारे २ टक्के. ते केवळ ११ जणांना आले. सर्वाधिक आढळलेले उत्तर ९५ टक्के होते. (चाचणी किती खऱ्या रुग्णांना ओळखते, हे प्रश्नात दिलेलेच नव्हते. हा रचनेचा दोषच होय.) याउलट अनेक सराव प्रश्नांत आकड्यांचा चौकोनी तक्ता आयता दिलेला असतो. परिणामी विद्यार्थी भागाकार शिकतो. रोगाचे मूळ प्रमाण विचारात घ्यावे, हे आपणहून सुचण्याची सवय मात्र लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात सर्वांत लांब पर्याय बरोबर असणे, 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असे शब्द असलेला पर्याय चूक असणे अशा खुणा येतात. प्रश्नकर्त्यांसाठीच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत त्या टाळण्यास सांगितले आहे. पर्याय झाकले तरी उत्तर देता यावे, अशी कसोटीही तीत आहे. असे असूनही काही तयारीवर्गांत याच खुणा 'युक्त्या' म्हणून शिकविल्या जातात. त्यामुळे रोगाचे ज्ञान नसलेल्याला गुण मिळतात आणि रुग्णाचा विचार करीत सावकाश वाचणारा मागे पडतो. स्पष्टीकरणांतही चुकीचा पर्याय का चूक एवढेच सांगितले जाते. तो निवडणारा कोणत्या वाक्यापाशी वाट चुकला, याचा उल्लेख क्वचितच सापडतो.