श्रेय, प्रेय आणि कोळ्याचे जाळे

अद्भुतरसप्रधान कथेचा उत्तरभाग रचणे हे मोठे जोखमीचे काम आहे. नवलाई पूर्वभागातच खर्ची पडलेली असते. मग दिग्दर्शक मारामाऱ्या दुप्पट करतो आणि रसिकाला जांभया येऊ लागतात. सॅम रेमी यांनी २००४ साली पडद्यावर आणलेल्या 'स्पायडर-मॅन २' या चित्रपटात मात्र नायकाचे पराक्रम नव्हे, तर त्याच्या विवंचना वाढविल्या आहेत. म्हणूनच त्याचा परामर्श घ्यावासा वाटतो.

पीटर पार्कर हा गगनचुंबी इमारतींवरून झेपा घेतो. पण त्याचे खोलीभाडे थकलेले आहे, नोकरी सुटली आहे आणि धुलाईयंत्रात घातलेल्या पोशाखाचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागला आहे. हा विनोद कारुण्याच्या अगदी कडेने चालतो. श्रेय आणि प्रेय यांच्या ओढाताणीत त्याची शक्तीच क्षीण होऊ लागते, ही कल्पना मानसशास्त्राला धरून आहे. धावत्या आगगाडीच्या प्रसंगी तर चित्रपट आपली उंची गाठतो. गाडी थोपवून बेशुद्ध पडलेल्या नायकाला उतारू हातोहात आत घेतात. मुखवटा गळालेला असतो. समोर असतो एक कोवळा पोरगा. ज्यांचे रक्षण झाले, तेच क्षणभर रक्षक होतात. येथे यंत्रकौशल्य रसाच्या सेवेत राबले आहे.

आल्फ्रेड मोलिना यांनी रंगविलेला ऑक्टेव्हियस हाही सामान्य खलपुरुष नव्हे. विद्येच्या अहंकारापायी पत्नी गमावलेला हा शास्त्रज्ञ करुण वाटतो. पण लेखकाने येथे कच खाल्ली आहे. बाहूंवर ताबा ठेवणारी चकती जळते आणि ते यांत्रिक बाहूच त्याच्या मनाचा कबजा घेतात! मग पाप कोणाचे? माणसाचे की यंत्राचे? शोकांतिकेला आवश्यक असलेली जबाबदारीच अशाने निसटते.

दुसरे वैगुण्य स्त्रीचित्रणात आहे. मेरी जेनला नटी म्हणून स्वतंत्र आयुष्य दिले खरे, पण शेवटी तिला पुन्हा पळवून नेऊन बांधूनच ठेवले. मे काकूंचे वीरत्वावरील निरूपण रोझमेरी हॅरिस यांच्या संयत अभिनयाने तरून जाते. एरवी जे प्रसंगातून उमगले होते, ते शब्दांत सांगण्याचे प्रयोजन नव्हते.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटाबद्दल आहे. कर्तव्यासाठी सुखाचा त्याग करावा लागतो, हे दोन तास पटवून दिल्यावर लग्नमंडप सोडून आलेली प्रेयसी नायकाच्या दारात उभी राहते. त्यागाचे मोल असे व्याजासह परत मिळाले, तर तो त्याग कसला? तरीही पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकून तो निघून जातो, तेव्हा त्याच्याकडे पाहताना तिच्या चेहऱ्यावरचे हास्य मावळते. त्या एका मुद्रेत दिग्दर्शकाने आपला प्रश्न जिवंत ठेवला आहे. बालरंजनाच्या चित्रकथेतून निघालेली कृती प्रौढ मनाला असा प्रश्न देऊन जाते, हे तिचे यश उणिवांसह मान्य केले पाहिजे.