साथीदार अमान्सिओ डिसिल्वा

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत विजेच्या तारवाद्याचा नाद ज्याने वाडीवस्तीपर्यंत पोहोचविला, ते वाद्य गिटार नव्हे, बेंजो होय. नागोया येथे 1912 साली गोरो मोरिता यांनी सिद्ध केलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्याचा हा वंशज बुलबुलतरंग या नावाने हिंदुस्थानात रुळला. पुढे त्याला पिकअप बसवून आणि टेम्पोवरील भोंग्यांशी त्याची सोयरीक जुळवून बेंजो पार्ट्यांनी त्याचे जे रूपांतर घडविले, ते रॉक संगीताच्या इतिहासकारांनी दखल घ्यावी इतके धीट आहे. वरातीत बेंजोवाल्याच्या हातांकडे निरखून पाहावे. डावा हात पट्ट्या दाबीत गाण्याची चाल ओढीत असतो, उजव्या हातातील नखी तारांवर अखंड धावत असते, आणि ढोलवाल्याला रंग चढला की तोच बेंजोवाला एका सुरावर ठाण मांडून त्याला रान मोकळे करून देतो. या माघारीची नोंद कोणी ठेवीत नाही. बक्षिसाच्या नोटा ओवाळल्या जातात त्या ढोलावरून.

आमच्या संगीतसमीक्षेच्या दप्तराचीही हीच वहिवाट आहे. गवयाच्या तानांच्या तपशिलाने त्याचे रुमाल गच्च भरले आहेत, परंतु मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत राबलेल्या गोमंतकीय वादकांपैकी बहुतेकांची नावे त्यात शोधूनही सापडत नाहीत. अँथनी गोन्साल्विस सर्वतोमुखी झाले, तेही 1977 साली त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या एका चित्रपटगीतात ते नाव आले म्हणून! तेव्हा अमान्सिओ डिसिल्वा हे नाव वाचकांच्या परिचयाचे नसेल तर त्यात नवल ते काय?

गोमंतकीय कुटुंबात, 1936 साली, मुंबईस जन्मलेल्या या वादकास जयपूरच्या महाराणीने गिब्सन गिटार घेऊन दिली, आणि 1967 साली तो लंडनला गेला. तेथे 1969 साली निघालेल्या 'इंटिग्रेशन' या तबकडीवर नाव जरी त्याचे असले, तरी इयन कार यांच्या ट्रंपेटला आणि डॉन रेंडेल यांच्या सॅक्सोफोनला त्याने इतकी ऐसपैस जागा दिली आहे, की यजमान कोण आणि पाहुणा कोण, याचा निवाडा करणे कठीण व्हावे. त्याच वर्षीच्या 'हम दोनो'मध्ये तर मूळचे जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याशी त्याची जोडी जमली. नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दविरहित कंठ, हॅरियट यांचा झोंबरा सूर आणि गिटारीची मींड ही एकाच धुनेवर एकत्र चालू लागतात, तेव्हा कंठ कोठे संपला आणि तार कोठे सुरू झाली, हे सांगणे मला तरी आजवर साधलेले नाही. मी या माणसाचा भक्त झालो तो येथे.

भक्ती असली तरी परीक्षणाचा हक्क सोडण्याचे कारण नाही. 1971 सालच्या 'रिफ्लेक्शन्स'मध्ये गिटार पुढे आणि बाकी सारे मागे, अशी मांडणी होताच त्याचे वादन मवाळ, किंबहुना हॉटेलातील सायंकाळच्या संगीतासारखे गुळगुळीत होते. समोर तोलामोलाचा सोबती नसला की या हाताची धार बोथटते, असे माझे मत आहे. उलट 1972 सालच्या 'ड्रीम सीक्वेन्स'वर त्याने स्वतःचे नावही न घालता 'कॉस्मिक आय' एवढेच मंडळाचे नाव दिले, आणि रॉकच्या अगदी सीमेवर जाऊन पोहोचलेले हे वादन अधिक निर्भय उतरले. 'कोकण डान्स' ही त्याच दशकातील तबकडी प्रसिद्ध झाली 2006 साली, म्हणजे 1996 मधील त्याच्या मृत्यूनंतर तब्बल दहा वर्षांनी.

इकडे आमच्या तालुक्यांत डीजेच्या भिंतींनी बेंजोला रस्त्याच्या कडेला लोटले आहे, आणि त्या भिंतीला अर्थातच साथीदार लागत नाही. गिटार शिकणारी मुले आता पुष्कळ दिसतात, परंतु त्यांना घाई असते ती एकट्याने झळकण्याच्या तुकड्यांची. गायक श्वास घेतो त्या अवकाशात काय वाजवावे, आणि मुख्य म्हणजे काय वाजवू नये, हे त्यांना विचारावे तर ती गोंधळतात. शिकवणाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी वाद्ये पिशवीतच ठेवून त्यांना 'हम दोनो' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवावी, एवढी शिफारस मी अवश्य करीन.