नावापुरते रूपांतर

कादंबरीवरून बोलपट रचताना मूळ कथेची मोडतोड होते, ही तक्रार जुनीच आहे. १९३३ सालच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या अमेरिकन बोलपटाच्या बाबतीत मात्र ती करण्यासही जागा उरत नाही. हॉलिवूडमधील के.बी.एस. या लहानशा निर्मितिसंस्थेने कॉनन डॉइलच्या कादंबरीचे केवळ नाव विकत घेतले. कथानक रॉबर्ट फ्लोरे याने नव्याने रचले. होम्सची भूमिका करणाऱ्या रेजिनल्ड ओवेननेच संवाद लिहिले. (आदल्याच वर्षी तो दुसऱ्या एका बोलपटात वॉटसन झाला होता.) बेकर स्ट्रीटवरील घराचा क्रमांकदेखील येथे '२२१ ब' न राहता '२२१ अ' झाला आहे!

कथा टाकली, हा अपराध नव्हे. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या या पहिल्या होम्सकथेचा घाट मुळातच दुभंगलेला आहे. तिचा उत्तरार्ध होम्सला लंडनमध्ये सोडून बराच काळ यूटाच्या वैराण प्रदेशात रमतो. त्या मानाने फ्लोरेची योजना एकसंध आहे. 'स्कार्लेट रिंग' या गुप्त मंडळातील सभासद मरण पावला की त्याचा वाटा उरलेल्यांना मिळतो. सभासद एकामागून एक मरतात आणि प्रत्येक मृत्यूबरोबर मुलांच्या एका उतरत्या मोजणीच्या गाण्यातील ओळी येतात. आगाथा ख्रिस्तीने १९३९ साली त्याच गाण्यावर आपली प्रसिद्ध कादंबरी उभारली. परंतु गाणे दोघांच्याही आधीचे, तेव्हा उसनवारीचा वाद व्यर्थ होय. महत्त्वाचे हे की, तुटपुंज्या भांडवलाच्या या बोलपटात ती मोजणीच उत्कंठा निर्माण करते, आणि तीही विनाखर्च.

खरी हानी निराळीच आहे. डॉइलच्या शीर्षकात एक प्रतिमा होती: जीवनाच्या रंगहीन लडीतून जाणारा हत्येचा किरमिजी धागा उलगडणे, हे होम्सचे कार्य. बोलपटात तो किरमिजी रंग एका टोळीची पाटी होऊन राहतो. प्रतिमेबरोबर उलगडणेही गेले. कादंबरीतील होम्स वॉटसनचा रापलेला चेहरा आणि दुखरा हात पाहून तो अफगाणिस्तानातून आल्याचे ओळखतो; त्या तर्काच्या पायऱ्या पुढे वाचकासमोर मांडल्या जातात आणि वाचक त्यांत सहभागी होतो. ओवेनच्या होम्सला मेरीड्यू वकिलाची दुष्टता जणू आधीपासूनच ठाऊक असते. तो निष्कर्ष सांगतो. विचार करताना मात्र फारसा दिसत नाही. बोलपटाला वाणी लाभली, पण तिचा उपयोग येथे तर्कापेक्षा घोषणेसाठीच अधिक झाला.

अ‍ॅना मे वाँग हिची गोष्ट वेगळी. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या या चिनी वंशाच्या अभिनेत्रीला श्रेयनामावलीत मानाचे स्थान आहे, पडद्यावर मात्र दहा मिनिटेही नाहीत. आणि त्यांतही वाट्याला आली आहे ती हॉलिवूडने तिच्यावर वारंवार लादलेली कारस्थानी स्त्रीच. तरीही श्रीमती पाइक झालेली वाँग समोर आली की संशय शब्दांतून सांगावा लागत नाही. तिच्या निश्चल चेहऱ्यापुढे प्रेक्षक, कदाचित या बोलपटात प्रथमच, स्वतः तर्क करू लागतो.