समोर कोण बसलंय?

जॉनथन शेफरचं 'वन जम्प अहेड' मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तेव्हा प्रोग्रॅम कसा लिहिलाय एवढंच शोधत होतो, माणसांबद्दलची पानं सरळ ढकलली. दुसऱ्यांदा या हिवाळ्यात, दर शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रोवर, तासभर. या वेळी मी नेमकी ढकललेलीच पानं वाचली, आणि पुस्तक वेगळंच निघालं.

शेफर हा कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातला संगणकशास्त्रज्ञ. १९८९ मध्ये त्याने चेकर्स खेळणारा 'चिनूक' नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. चेकर्स आपल्याकडे फारसं कुणी खेळत नाही. पट बुद्धिबळाचाच, पण फक्त काळी घरं वापरायची. दोघांच्या बारा-बारा सोंगट्या, तिरक्या चालायच्या, समोरचीवरून उडी मारून ती खायची. आणि खाता येत असेल तर खावंच लागतं, सुटका नाही. त्यामुळे समोरच्याला मुद्दाम खायला घालून खड्ड्यात ओढता येतं. दिसतो पोरखेळ, पण या खेळात ५ वर २० शून्यं इतक्या स्थिती आहेत.

यात मॅरियन टिन्स्ली नावाचा माणूस जवळजवळ अजिंक्य होता. गणिताचा प्राध्यापक, अविवाहित, चर्चमध्ये प्रवचनं करणारा. १९५० पासून १९९५ मध्ये मरेपर्यंत तो फक्त सात डाव हरला, आणि त्यातले दोन चिनूककडून. पंचेचाळीस वर्षांत सात. माझ्या कोडमध्ये आठवड्याला याहून जास्त चुका निघतात.

१९९० सालच्या एका मैत्रीपूर्ण डावात चिनूकने दहावी चाल केली. टिन्स्ली लगेच म्हणाला की तुला याचा पश्चात्ताप होणार. प्रोग्रॅमच्या हिशोबाने सगळं ठीक चाललं होतं. आणखी २६ चालींनी शेफरला डाव सोडावा लागला. मशीन एकेक फांदी चाळत होतं, माणसाला झाड ओळखीचं होतं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत टिन्स्ली पहिला आला आणि चिनूक दुसरा, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान द्यायचा हक्क प्रोग्रॅमला मिळाला. संघटना म्हणाल्या, यंत्राला किताबासाठी खेळू देणार नाही. टिन्स्लीने काय करावं? त्याने जगज्जेतेपदाचा राजीनामा दिला आणि चिनूकशी खेळायला तयार झाला. पहिल्या वाचनात मला हा नुसता तपशील वाटला होता. आता वाटतं, अख्खं पुस्तक इथे आहे. माणसं टिन्स्लीसमोर बसली की घाबरून बरोबरीसाठी खेळायची. चिनूकला समोर कोण बसलंय हेच माहीत नव्हतं. ते बेधडक खेळायचं. त्या निर्भय खेळासाठी त्याने किताब सोडला.

ऑगस्ट १९९२, लंडन. टिन्स्लीचे ४ विजय, चिनूकचे २, बरोबरी ३३. यातला टिन्स्लीचा एक विजय कसा आला, तर अठराव्या डावात प्रोग्रॅम अडकून बसला आणि चिनूकला डाव सोडून द्यावा लागला. डेमोच्या दिवशी स्क्रीन गोठलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांनी ही पानं एकट्याने वाचू नयेत. शेफर इथे स्वतःला अजिबात झाकत नाही. त्याचं वेड, घरच्यांवर पडलेला ताण, जिंकायची उघडी हाव, सगळं लिहितो. म्हणून तो आवडतो.

मग १९९४, बॉस्टन. सहा डाव बरोबरीत सुटले, आणि टिन्स्ली तब्येतीच्या कारणाने बाहेर पडला. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. ३ एप्रिल १९९५ ला तो गेला. चिनूक माणूस-यंत्र सामन्यांचा विजेता ठरला, टिन्स्लीला न हरवता.

इथून पुढे पुस्तक ढेपाळतं, असं माझं मत. पुढचे सामने आहेत, आकडे आहेत, पण समोरची खुर्ची रिकामी आहे हे लेखकालाही कळतं. माझी तक्रार वेगळी आहे. टिन्स्ली आपल्याला कायम पटाच्या पलीकडूनच दिसतो. शेफर त्याची इतकी स्तुती करतो की तो माणूस कमी आणि गाठायचं शिखर जास्त वाटायला लागतो. निर्भय प्रतिस्पर्धी मिळाल्यावर त्याला आतून काय वाटलं असेल, या प्रश्नाभोवती लेखक नुसता घुटमळतो.

२००७ मध्ये शेफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केलं की चेकर्स सुटलं. अठरा वर्षांच्या कामाचं उत्तर : दोघंही बिनचूक खेळले तर बरोबरी. आमच्या भाषेत तिकीट बंद. पण मला ते मेलेल्या माणसाला पाठवलेलं पत्र वाटतं. बिनचूक खेळ कुठे संपतो हे त्यात आहे. टिन्स्ली अजून किती डाव बिनचूक राहिला असता, हे त्यात नाही.

हे मला जास्त लागलं त्याला कारण आहे. रेवदंड्याला आमच्या ओट्यावर आजी खडूने नवकंकरीचा पट आखते. एकात एक तीन चौकोन, चोवीस ठिकाणं. तिचे नऊ चिंचोके, माझ्या नऊ शिंपल्या. तीन ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. आपल्या लेण्यांत, किल्ल्यांच्या दगडांवर असे पट कोरलेले दिसतात. हा खेळ १९९३ मध्येच राल्फ गासर नावाच्या संशोधकाने झ्यूरिकला सोडवला. साडेसात अब्जांहून जास्त स्थिती तपासून. उत्तर तेच, बरोबरी.

ते वाचल्यावर मी उत्साहाने आजीच्या फोनसाठी प्रोग्रॅम लिहिला. गासरचं अख्खं उत्तर फोनमध्ये मावणारं नव्हतं, पण आजीला हरवायला सात-आठ चाली पुढचं बघणं पुरलं. चार दिवस ती खेळली. पाचव्या दिवसापासून ॲप उघडलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "अरे, ह्याला माझा रागसुद्धा येत नाही. कुणाशी खेळू?"

टिन्स्लीला जे हवं होतं, नेमकं तेच तिला नको होतं. त्याच्यासमोर आयुष्यभर घाबरलेली माणसं बसली. आजीसमोर चिडणारी बसली : आजोबा, दोन्ही आत्या, मी. यातलं कोण बरोबर, हे शेफरच्या पुस्तकात सापडेल असं वाटून मी रो-रोवर शोधत होतो. नाही सापडलं.

ॲप मी काढून टाकलंय. गेल्या शनिवारी आजीने माझ्या दोन शिंपल्या लागोपाठ उचलल्या. त्यातली दुसरी, मी फोन बघत असताना सरकलेल्या एका चिंचोक्यामुळे गेली, याची मला खात्री आहे. ती कबूल करत नाही.